वीस वेळा वाचूनही न दिसलेली चूक

प्रश्न: पुरवठा विभागात सहा वर्षं काम केलंय. गेल्या दोन महिन्यांत १४ ठिकाणी अर्ज केले, एकाही ठिकाणाहून फोन नाही. परवा मैत्रिणीनं रेझ्युमे पाहिला आणि दोन मिनिटांत दोन चुका दाखवल्या. अगदी वर, नावाखालच्या पदात 'मॅनेजर'चं स्पेलिंग चुकलंय आणि मोबाईल नंबरातले दोन आकडे उलटसुलट झालेत. पाठवण्याआधी मी तो किमान वीस वेळा वाचला होता, स्पेलचेकही लावला होता. मग दिसलं कसं नाही? आता त्या १४ जणांना दुरुस्त प्रत पाठवू की गप्प बसू? आणि पुढच्या वेळी तपासायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

उत्तर: आधी नंबराचं बघू, कारण ते काम आजच करायचं आहे. १४ पैकी जिथे भरती अजून बंद झालेली नाही तिथे दुरुस्त प्रत पाठवा. ऑनलाइन फॉर्म भरला असेल तर आधी त्यात लॉगइन करून पाहा. फॉर्ममध्ये नंबरासाठी वेगळा रकाना असतो आणि फोन करणारा माणूस बऱ्याचदा तोच नंबर घेतो. तो बरोबर असेल तर निम्मी काळजी मिटली. जिथे ईमेलनं अर्ज गेला तिथे त्याच मेलला उत्तर म्हणून तीन वाक्यं पुरेत: अमुक तारखेला अमुक पदासाठी अर्ज केला होता, त्यात मोबाईल क्रमांक चुकीचा पडला, बरोबर क्रमांक हा आणि दुरुस्त रेझ्युमे सोबत जोडला आहे. बस. स्पेलिंगचा उल्लेख नको, दोनदा माफी नको, निष्काळजीपणा कसा झाला याची हकीकत तर नकोच. आणि हो, ईमेलचा स्पॅम फोल्डर उघडून दोन महिन्यांचे मेल चाळा. फोन लागला नाही म्हणून कुणी मेल केला असेल तर तो तिथेच पडलेला असण्याची शक्यता आहे.

नुसतं स्पेलिंग चुकलं असतं, तर आम्ही गप्प बसायला सांगितलं असतं. चुकीमुळे तुमच्यापर्यंत पोचता येत नसेल किंवा तुमच्याबद्दल खोटी माहिती जात असेल, म्हणजे नंबर, ईमेल, तारखा, पदवी, पदनाम यांत काही चुकलं असेल, तर प्रत पुन्हा पाठवायची. स्वल्पविराम आणि स्पेलिंग पुढच्या प्रतीत सुधारायचं. मुलाखतीला बोलावलंच तर जाताना दुरुस्त प्रत सोबत न्यायची.

आता दिसलं का नाही ते. स्वतः लिहिलेला मजकूर पुन्हा वाचताना डोळे कागदावर असतात, पण वाचन आठवणीतून चाललेलं असतं. सरावाचा वाचक अक्षर अक्षर सुटं लावत बसत नाही. शब्द तो झटकन अख्खा ओळखतो आणि संदर्भावरून पुढे काय येणार याचा थोडाफार अंदाजही बांधत जातो. परक्याच्या मजकुरात हा अंदाज कुठेतरी अडतो, थबकतो. स्वतःच्या मजकुरात थबकायला जागाच नाही, कारण तिथे काय असायला हवं ते पाठ आहे. दुसऱ्या वाचनापेक्षा विसावं वाचन उलट जास्त आंधळं असतं, कारण तोवर पाठांतर पक्कं झालेलं असतं.

स्पेलचेक का बोलला नाही, याची दोन कारणं असू शकतात. 'मॅनेजर'मधला दुसरा 'ए' गळला की जो शब्द उरतो तो इंग्रजीत खराखुरा शब्द आहे. त्याचा उच्चार 'मेंजर' आणि अर्थ गुरांची गव्हाण. शब्दकोशात असलेल्या शब्दाखाली लाल रेघ येत नाही. 'फॉर्म' आणि 'फ्रॉम', 'लूज' एका 'ओ'चा आणि दोन 'ओ'ंचा, 'प्रिन्सिपल'चे दोन अवतार, सगळे याच जातीचे. 'पब्लिक'मधला 'एल' गळल्यावर काय उरतं ते शब्दकोशात स्वतःच पाहा. दुसरं कारण, नावाखालचं पद आणि विभागांचे मथळे आपण सहसा सगळे कॅपिटल अक्षरांत लिहितो. वर्डमध्ये स्पेलचेकनं सगळे कॅपिटल असलेले शब्द सोडून द्यावेत असा एक पर्याय असतो, आणि तो बहुधा आधीपासून चालू असतो. म्हणजे सर्वांत मोठ्या अक्षरांतला मजकूर तपासलाच जात नाही. फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग इथे जाऊन ती खूण काढा. आकडे असलेले शब्द सोडण्याची खूणही तिथेच सापडेल, तीही काढा. मग संपूर्ण मजकूर निवडून त्याची भाषा एकच ठरवा, ब्रिटिश इंग्रजी किंवा अमेरिकन. वेगवेगळ्या ठिकाणांहून चिकटवलेल्या परिच्छेदांना वेगवेगळी भाषा लागलेली असते, कधी तपासणी बंदच असते, आणि मग 'ऑर्गनाइज' एकदा 'एस'नं आणि एकदा 'झेड'नं आला तरी कुणी हरकत घेत नाही.

तेव्हा एकविसाव्यांदा वाचण्यात अर्थ नाही. तपासणं म्हणजे ताडून पाहणं. रेझ्युमेतली प्रत्येक गोष्ट तुमच्या डोक्याबाहेरच्या कशाशी तरी लावून बघायची: कधी जाहिरातीशी, कधी प्रमाणपत्राशी, कधी कॅल्क्युलेटरशी, कधी दुसऱ्याच्या कानाशी. यात क्रम महत्त्वाचा आहे. आधी मजकूर, मग तपशील, मग भाषा, मग मांडणी आणि शेवटी पीडीएफ. उलट्या क्रमानं गेलात तर जी ओळ घासूनपुसून स्वच्छ केली तीच नंतर खोडावी लागते, आणि तिच्या जागी घाईत लिहिलेल्या नव्या ओळीत नवी चूक शिरते. शेवटच्या क्षणी केलेल्या दुरुस्तीतली चूक सहसा कुणालाच सापडत नाही, कारण त्यानंतर कुणी वाचलेलंच नसतं.

मजकुराची सुरुवात जाहिरातीपासून करा. जाहिरात छापून घ्या आणि तिच्यातल्या प्रत्येक मागणीखाली रेघ मारा. मग रेझ्युमे हातात घेऊन ती मागणी जिथे पुरी होते तिथे बरोबरची खूण करा. ज्या रेघेला खूण मिळाली नाही तिच्याबाबत दोनच शक्यता: ते काम तुम्ही केलंय पण लिहिलं नाही, किंवा केलंच नाही. पहिलं असेल तर लिहा, दुसरं असेल तर सोडा. शब्द शक्यतो जाहिरातीतलेच वापरा. त्यांनी 'प्रोक्युअरमेंट' म्हटलं असेल आणि तुमच्याकडे सगळीकडे 'परचेस' असेल, तर अर्थ एक असूनही अर्जांना गाळणी लावणाऱ्या संगणकीय यंत्रणेला ते कळेलच असं नाही. संक्षेप आणि पूर्ण रूप दोन्ही एकेकदा तरी यावीत. याच खुणांवरून आणखी एक गोष्ट लक्षात येईल. सगळ्या खुणा दुसऱ्या पानावर पडल्या असतील तर क्रम बदलायला हवा. पहिल्या पानाच्या वरच्या एक-तृतीयांश भागात जे नाही ते पुष्कळदा वाचलंच जात नाही. सध्याच्या नोकरीला चार ते सहा मुद्दे, त्याआधीच्या नोकऱ्यांना दोन-तीन, याहून जास्त लागत नाहीत.

मग एकेक मुद्दा घ्या. 'खरेदी व साठा व्यवस्थापनाची जबाबदारी सांभाळली' अशा अर्थाची ओळ तुमच्या रेझ्युमेत असणार, पुरवठा विभागातल्या जवळपास प्रत्येकाच्या असते. ती वाचून तुम्ही खुर्चीवर बसत होता एवढंच कळतं. तिला तीन प्रश्न विचारा: किती, काय केलं, काय बदललं. उत्तरं मिळाली की ओळ अशी काहीशी होईल: '४ गोदामांतल्या सुमारे १,२०० वस्तूंचा साठा पाहिला, फेरमागणीची पातळी दर महिन्याला नव्यानं ठरवून सरासरी साठा ४५ दिवसांवरून ३० दिवसांवर आणला.' शब्द वाढले खरे, पण आता मुलाखतीत विचारायला काहीतरी आहे. बदलाचा आकडा हाताशी नसेल तर निदान व्याप्ती लिहा, महिन्याला किती ऑर्डरी, किती पुरवठादार. आकडा अंदाजानं ठोकू नका. 'हे मोजलं कसं?' या प्रश्नापुढे अंदाज टिकत नाही. कंपनीची गोपनीय किंमत किंवा करारातली रक्कमही लिहू नका, पुढचा मालक ती वाचून खूश होण्याऐवजी सावध होतो. 'मेहनती', 'प्रामाणिक', 'संघभावनेनं काम करणारा' ही विशेषणं सरळ काढून टाका, आजवर कुणी स्वतःला आळशी लिहिलेलं नाही.

तपशिलांची तपासणी हे सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि तुमचा घोळ नेमका इथेच झाला. छापखान्यांत मुद्रितं तपासताना एक जण मूळ प्रत मोठ्यानं वाचायचा आणि दुसरा मुद्रितावर बोट ठेवून पाहायचा. तेच करा. कुणाला तरी समोर बसवा, त्यांच्या हातात तुमची कागदपत्रं द्या आणि रेझ्युमे तुमच्या हातात ठेवा. त्यांनी कागदावरून मोठ्यानं वाचायचं: नेमणूकपत्रावरची तारीख, नोकरी सोडल्याच्या पत्रावरची तारीख, पदनाम, पदवीचं पूर्ण नाव, उत्तीर्ण झाल्याचं वर्ष, गुण. तुम्ही फक्त ताडायचं. नंबर एकेक आकडा सुटा म्हणायचा, 'अठ्ठ्याण्णव' नव्हे, 'नऊ, आठ'. उलटे झालेले आकडे जोडीनं म्हटले की कानाला खटकत नाहीत. उलटं करू नका, म्हणजे तुम्ही रेझ्युमेवरून वाचायचं आणि त्यांनी मान डोलवायची, असं नको. माणसं मान डोलवतातच.

नंबराची खरी परीक्षा एकच: छापलेल्या रेझ्युमेवर पाहून दुसऱ्या फोनवरून तो फिरवा. संपर्कयादीतून नाही, कागदावरून. तुमचा फोन वाजला तर नंबर बरोबर. ईमेलचंही तसंच, पीडीएफमधल्या पत्त्यावर क्लिक करून दुसऱ्या खात्यावरून मेल पाठवा आणि तो येतो का पाहा. क्लिक करून पाहा असं म्हणतोय त्याला कारण आहे. वर्डमध्ये दिसणारा पत्ता आणि त्यामागची लिंक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुना पत्ता खोडून नवा लिहिला तरी आतली लिंक जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवत राहू शकते. दिसायला सगळं नवं, क्लिक केलं की मेल चार वर्षांपूर्वी बंद झालेल्या खात्यात. लिंक्डइनची किंवा कामाच्या नमुन्यांची लिंक दिली असेल तर ती ब्राउझरच्या खासगी खिडकीत उघडा. तुम्ही लॉगइन असताना जे दिसतं ते परक्याला दिसेलच असं नाही.

अनुभवाची बेरीज कॅल्क्युलेटरवर करा, मनात नको. समजा एका नोकरीचा काळ जून २०१९ ते मार्च २०२४ आहे. मनात २४ मधून १९ वजा होतात आणि आपण 'पाच वर्षांहून अधिक' लिहून मोकळे होतो. दोन्ही टोकांचे महिने धरूनही तो काळ भरतो ४ वर्षं १० महिने. कागदपत्रांची पडताळणी करणारे हे बरोबर पकडतात, आणि दोन महिन्यांच्या बढाईसाठी उरलेल्या पानावरचा विश्वास जातो. सुरुवातीच्या सारांशात वर्षांचा आकडा असेल तर तो कधी लिहिला होता तेही आठवा. सारांश गेल्या वर्षीचा आणि खालच्या तारखा या वर्षीच्या, असं फार दिसतं. सोडलेल्या नोकरीपुढे अजून 'आजतागायत' असणं हा त्याचाच भाऊ. लिंक्डइनवरच्या तारखा आणि रेझ्युमेतल्या तारखा शेजारी ठेवून जुळवा. दोन्हीकडे वेगवेगळं पदनाम असेल तर नेमणूकपत्रातलं खरं धरा. कंपनीतलं पदनाम बाहेरच्याला काहीच सांगत नसेल तर त्यापुढे कंसात कामाचं साधं नाव लिहायला हरकत नाही, पण पदनाम बदलून टाकू नका.

टक्क्यांत तर चांगले चांगले चुकतात. वाढ किंवा घट नेहमी जुन्या आकड्यावर काढायची. साठा ४५ दिवसांवरून ३० वर आला, तर घट १५ भागिले ४५, म्हणजे ३३ टक्के. ३० नं भागून ५० टक्के लिहिलं की पुरवठा विभागाच्या प्रमुखाला ते पहिल्या नजरेत कळतं. वेळेवर पोचणाऱ्या मालाचं प्रमाण ८० टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर गेलं, तर '१२ टक्के वाढ' म्हणणं चूक, कारण ८० वर १२ म्हणजे १५ टक्के होतात. इथे हिशेबाचा वाद घालत बसण्यापेक्षा सरळ '८० वरून ९२ टक्के' लिहा. एखादी गोष्ट तिप्पट झाली तर वाढ २०० टक्के, ३०० नव्हे. आणि खर्च १२० टक्क्यांनी कमी होऊ शकत नाही, असं लिहिलेले रेझ्युमे खरोखर येतात.

नावांची स्पेलिंगं त्यांच्या मालकांप्रमाणे. कंपनी स्वतःचं नाव जसं लिहिते तसं, तिच्या संकेतस्थळावरून पाहून. सॉफ्टवेअरचंही तेच: 'एसएपी'ची तिन्ही अक्षरं कॅपिटल, 'पॉवरपॉइंट'मधला मधला 'पी' कॅपिटल, 'लिंक्डइन'मधला दुसरा 'आय' कॅपिटल. 'एक्सेल' म्हणजे एकच 'एल', दोन नव्हेत. ज्या साधनात प्रावीण्य असल्याचं सांगताय त्याचंच नाव चुकलं, की पुढचा दावा कोण मानणार?

इथवर आल्यावर फाइल बंद करा आणि एक रात्र जाऊ द्या. मध्ये वेळ गेला की पाठांतर जरा सैल होतं.

दुसऱ्या दिवशी भाषा. इथे कान आणि डोळा दोघांनाही कामाला लावायचं, कारण एकाला जे सापडतं ते दुसऱ्याला सापडत नाही. आधी कान. वर्डमध्ये रिव्ह्यू विभागात मजकूर मोठ्यानं वाचून दाखवण्याची सोय आहे, ती चालू करा आणि छापलेल्या प्रतीवर बोट ठेवून ऐका. यंत्राला तुमची आठवण नाही, कागदावर आहे तेच ते बोलतं. 'मेंजर' ते 'मेंजर' असंच वाचेल आणि तुम्ही दचकाल. गळलेले शब्द, दोनदा पडलेले शब्द, 'फॉर्म'च्या जागी 'फ्रॉम', हे सगळं कानाला लगेच कळतं. पण सारख्या उच्चाराचे शब्द कानातून निसटतात. 'देअर'ची दोन्ही स्पेलिंगं यंत्र सारखीच म्हणणार. 'लीड'चा भूतकाळ तीन अक्षरांचा, मधे 'ए' नाही, ही चूक तर रेझ्युमेत हमखास सापडते, कारण प्रत्येकानं कधी ना कधी कुठल्यातरी टीमचं नेतृत्व केलेलं असतं. त्यासाठी डोळा. फॉन्ट बदला, अक्षर थोडं मोठं करा, छापा आणि शेवटच्या ओळीपासून वर वाचत या. कोऱ्या कागदानं बाकीचा भाग झाकून एका वेळी एकच ओळ उघडी ठेवा. उलट्या क्रमानं वाचताना गोष्टीचा ओघ तुटतो, पुढे काय येणार याचा अंदाज बांधता येत नाही आणि शब्द सुटा दिसायला लागतो.

एका फेरीत एकच गोष्ट शोधा. सगळं एकदम शोधू म्हणणाऱ्याला ठळक तेवढंच सापडतं. एक फेरी फक्त क्रियापदांची: जुन्या नोकऱ्या भूतकाळात, चालू कामं वर्तमानकाळात, आणि प्रत्येक मुद्द्याची सुरुवात क्रियापदानं. चार मुद्दे क्रियापदानं आणि पाचवा नामानं सुरू झाला की वाचणारा तिथे अडखळतो. एक फेरी फक्त तारखांच्या रूपाची: एका ठिकाणी महिन्याचं पूर्ण नाव, दुसरीकडे तीन अक्षरं, तिसरीकडे नुसता आकडा असं नको. नुसता आकडा तर टाळाच, कारण ०३/०४ म्हणजे काही ठिकाणी ३ एप्रिल आणि काही ठिकाणी ४ मार्च. एक फेरी मुद्द्यांच्या शेवटच्या पूर्णविरामाची. तो दिला काय आणि न दिला काय, दोन्ही चालतं, पण मग सगळीकडे तसंच हवं. दोन जागा पडलेल्या ठिकाणांसाठी शोधखिडकीत दोनदा स्पेसबार दाबून शोध घ्या, चार-पाच तरी निघतील. आणि तुमच्या नेहमीच्या चुकांची एक चिठ्ठी बनवा. यापुढे प्रत्येक अर्जाआधी 'मेंजर'चं स्पेलिंग शोधखिडकीत टाकायचं. दहा सेकंदांचं काम आहे.

एआयच्या साधनांना तपासायला देणार असाल तर 'सुधारून दे' असं सांगू नका. सुधारताना ती वाक्यं फुगवतात, 'मदत केली'चं 'नेतृत्व केलं' होतं, कधी तुम्ही न दिलेला आकडाही घुसतो. 'फक्त स्पेलिंग आणि व्याकरणाच्या चुकांची यादी दे, ओळ तशीच ठेव' असं सांगा आणि यादीतली प्रत्येक सूचना स्वतः पाहून मग बदला. देण्याआधी नाव, नंबर, पत्ता काढून घ्या.

माणसं मात्र दोन हवीत, वेगवेगळ्या जातकुळीची. एक तुमच्या क्षेत्रातलं, ज्याला आकडे खरे वाटतात का ते कळेल. दुसरं क्षेत्राबाहेरचं पण भाषेला कडक. तुमची मैत्रीण यातल्या दुसऱ्या जागेवर बसवायला उत्तम दिसते. 'कसा वाटतोय?' असं विचारलं की 'छान आहे' एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी पहिलं पान दहा सेकंद दाखवा, काढून घ्या आणि विचारा: मी काय काम करतो, किती वर्षं, कोणत्या पदासाठी अर्ज करतोय? तिन्हीपैकी एकही उत्तर चुकलं तर दोष त्यांचा नाही, पानाचा आहे. मग पुन्हा पान देऊन सांगा की जिथे दुसऱ्यांदा वाचावं लागलं तिथे नुसती खूण करा. दुरुस्त्या त्यांच्याकडून करून घेऊ नका. दोन हातांनी दुरुस्त झालेल्या रेझ्युमेत दोन आवाज येतात.

मांडणीवर फार वेळ घालवू नका, पण एक करा. वर्डमध्ये परिच्छेदाची उलट्या 'पी'सारखी दिसणारी खूण दाबा, म्हणजे न दिसणाऱ्या सगळ्या जागा, टॅब आणि एंटर दिसायला लागतील. तारखा उजवीकडे नेण्यासाठी स्पेसबार पंधरा वेळा दाबलेला असेल तर तिथे ठिपक्यांची रांग दिसेल. दुसऱ्या संगणकावर फॉन्ट बदलला की ती रांग वेडीवाकडी होते. ठिपके पुसून उजवा टॅब लावा. नंबर दोन ओळींत तुटत असेल तर आकड्यांमधल्या जागेवर कंट्रोल, शिफ्ट आणि स्पेस एकत्र दाबा, तो तुटणार नाही. दुसऱ्या पानावर दोनच ओळी लोंबकळत असतील तर अक्षर बारीक करण्याऐवजी एखादा जुना मुद्दा कापा. १० पॉइंटच्या खाली अक्षर नेऊ नका.

पीडीएफ करण्याआधी ट्रॅक चेंजेस, म्हणजे केलेले बदल खुणांसकट दाखवण्याची सोय, बंद करा, सगळे बदल स्वीकारा, शेरे पुसून टाका. 'हे खरंच लिहू का?' असा समासातला शेरा पीडीएफमध्ये छापून जाऊ शकतो. फाइलच्या माहितीत शीर्षक आणि लेखक हे दोन रकाने असतात, तेही पाहा. तयार साचा उतरवून घेतला असेल तर लेखकाच्या जागी साचा बनवणाऱ्याचं नाव असू शकतं, आणि ब्राउझरच्या टॅबवर कधीकधी फाइलच्या नावाऐवजी ते शीर्षकच दिसतं. मग वर्डमधूनच पीडीएफ म्हणून जतन करा. छापून स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे नुसतं चित्र, तिच्यातला मजकूर यंत्रणेला वाचता येईलच असं नाही.

तयार पीडीएफ उघडा, सगळं निवडून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. अर्ज गाळणाऱ्या यंत्रणेला साधारण काय मिळतं याची ही घरगुती परीक्षा. दोन स्तंभांची मांडणी असेल तर डावी ओळ, उजवी ओळ, पुन्हा डावी अशी खिचडी झालेली दिसू शकेल. मजकुराच्या चौकटीतलं काही भलतीकडेच जाऊन पडू शकेल. फोनचं नुसतं चित्र टाकलं असेल तर त्या जागी चौकोन किंवा काहीच नाही. हेडरमध्ये, म्हणजे पानाच्या वरच्या समासातल्या पट्टीत, लिहिलेलं नाव आणि नंबर काही यंत्रणा वाचतच नाहीत, म्हणून संपर्काचा तपशील पानाच्या मूळ मजकुरात घ्या. काही फॉन्टमध्ये 'एफ' आणि 'आय' ही अक्षरं जोडाक्षरासारखी एकत्र छापली जातात आणि कॉपी करताना ती जोडी गळते. मग 'फायनान्स'चं डोकं उडतं आणि 'सर्टिफिकेट'च्या पोटात भोक पडतं. डोळ्यांना पीडीएफ निर्दोष दिसते, नोटपॅडमध्ये भोकं दिसतात. असं झालं तर फॉन्ट बदला. हीच फाइल एकदा मोबाईलवरही उघडा.

फाइलचं नाव तुमचं नाव, आडनाव आणि पद. 'रेझ्युमे फायनल नवा २' हे नाव समोरच्याला दिसतं. सगळ्या नोकऱ्यांचा सविस्तर मजकूर एका मूळ फाइलमध्ये ठेवा आणि प्रत्येक जाहिरातीसाठी तिच्यावरून प्रत काढा. कुठली प्रत कुठे, कोणत्या तारखेला गेली याची एक तक्ती असू द्या. ती असती तर आज त्या १४ ठिकाणांचा शोध घेत बसावं लागलं नसतं.

आणि सोबतचं पत्र विसरू नका. त्यात आधीच्या कंपनीचं नाव तसंच राहून जातं, म्हणून जुन्या कंपनीचं नाव शोधखिडकीत टाकून शून्य निकाल येईपर्यंत पत्र पाठवू नका. मेल लिहिताना आधी फाइल जोडा, मग जोडलेली फाइल तिथूनच उघडून पाहा, कारण दुरुस्त प्रतीऐवजी जुनी जोडली जाणं अगदी सोपं आहे. मग विषय, मग मजकूर आणि पाठवायचा पत्ता सगळ्यात शेवटी टाका. पत्ताच नसेल तर अर्धवट मेल चुकूनही जात नाही.